अस्तर लावलेला बुडबुडा

सोमवार, ४ ऑगस्ट

आजपासून रोज लिहायचं. कलावंत गेल्यावर लोक त्याच्या नोंदी शोधत फिरतात. माझ्या बाबतीत त्यांना त्रास नको, म्हणून ही वही कपाटाच्या दर्शनी कप्प्यात ठेवणार आहे.

नाट्यगृहाला टाळं लागल्यापासून मी घरी आहे. तीस वर्षं नेपथ्य केलं. राजवाडे, तुरुंग, गलबतं. एकदा तर रंगमंचावर चालणारी आगगाडी. (ती चालली नाही, पण तो दोष चाकांचा.) ही, म्हणजे माझी बायको, त्याच नाट्यगृहात कपडेपट सांभाळायची. शिवणं, उसवणं, ऐन प्रवेशात तुटलेलं बटण लावणं. किरकोळ कामं, पण तीही कुणीतरी करायला हवीत.

आज विज्ञान केंद्रातून बोलावणं आलं. मुलांना आत शिरून हिंडता येईल एवढी मोठी पेशी बांधायची आहे. साधी पेशी नव्हे, विषाणू शिरलेली. व्यवस्थापक हसतमुख आहेत, पण स्मरणशक्ती बेताची. म्हणाले, "तुमच्या घरून फोन आला, बरं झालं. आम्ही माणूस शोधतच होतो." मी कुठलाही फोन केलेला नाही. कीर्ती कानोकानी पोचली असेल आणि त्यांचा गोंधळ झाला असेल.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "अगंबाई, हो का?" आणि शेंगा सोलत राहिली. हिला माझ्या कामात कधीच रस नव्हता.

गुरुवार, ७ ऑगस्ट

शास्त्रज्ञबाई भेटल्या. चाळिशीच्या, आखूड केस, बोलणं भरभर. विषाणूंवर त्यांची हयात चालली आहे. पहिल्याच वाक्यात मला "काका" म्हणाल्या. मी दुर्लक्ष केलं.

"काका, विषाणू म्हणजे एक निरोप आणि त्याभोवती पाकीट. बस. आरएनए हा तो निरोप. हात नाहीत, पाय नाहीत, हत्यारं नाहीत. तो पेशीत शिरतो आणि पेशी तो निरोप आपलाच समजून वाचते."

"मग?"

"मग निरोपात सांगितलेली प्रथिनं पेशीच बनवून देते. ती प्रथिनं पेशीच्या आतल्या पडद्यांत घुसतात, त्यांना ताणतात, वाकवतात, दुमडतात. पडद्यांचे बुडबुडे होतात. काही विषाणू नुसते खिसे पाडतात, आपल्याला दाखवायचाय तो दुहेरी भिंतीचे बुडबुडे करतो. त्यांच्या आत बसून त्याच्या नकला निघतात."

"बुडबुडे कशाला? उघड्यावर नकला काढल्या तर काय बिघडतं?" प्रश्न मार्मिक होता, हे त्यांनीही मान्य केलं.

"पेशीत पहारेकरी असतात ना! नक्कल काढताना आरएनएचे दोन धागे एकमेकांना बिलगतात. तसा जोडधागा दिसला की पहारेकरी बोंब ठोकतात. म्हणून आडोसा."

"आणि सगळं सामान विषाणू बरोबर आणतो?"

"छे! पडदे पेशीचे, कारागीर पेशीचे, ताकद पेशीची. हा नुसता निरोप देतो."

म्हणजे दुसऱ्याच्या जागेत, दुसऱ्याच्या सामानाने, फुकटात नेपथ्य. मी भेटलेले सगळे निर्माते याच जातीचे होते, त्यामुळे विषय मला चटकन कळला. पुढे त्या एका मुकुटाबद्दल काहीतरी सांगत होत्या, पण तेव्हा मी दालनाची उंची मोजत होतो.

कल्पना सुचली आहे. शत्रूचा राजवाडा! कमानी, बुरूज, वर मुकुट. प्लायवूड.

बुधवार, १३ ऑगस्ट

काम जोरात. दिव्यांसाठी मेव्हण्याला घेतलंय. हिचा धाकटा भाऊ. वायरमन आहे, सगळे त्याला फ्यूज म्हणतात. त्याचं काम चोख, फक्त तोंड फार चालतं. पहिल्या दिवसापासून एकच घोकतोय, "भाऊजी, पेशीला बुरूज असतात का?" मी त्याला बजावलं, "मी सांगतो ते कर. प्रश्न विचारू नको."

ही दुपारी डबा घेऊन येते आणि लगेच परत जायचं सोडून शास्त्रज्ञबाईंशी गप्पा मारत बसते. आज मी करवत चालवत होतो, तरी थोडं कानावर पडलं.

"म्हणजे आतला पडदा आणि बाहेरचा पडदा वेगळे नाहीत? एकच कापड दुमडलेलं?" हिने विचारलं.

"कापड! हो, एकच. फाडून जोडलेलं नाही, ताणून वळवलेलं."

"म्हणजे अस्तर लावलेला खिसा."

"अगदी तसंच, ताई."

पेशीत अस्तर! मला हसू आवरेना. बाई भिडस्त आहेत, त्यांनी हिला दुखवायला नको म्हणून मान डोलावली असणार. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की मी काका आणि ही ताई. मग माझं आणि हिचं नातं काय उरलं? फ्यूजला विचारलं, तर तो शिडीवरून पडता पडता वाचला.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

अपमान.

आज राजवाड्याचा पहिला भाग उभा केला. कमानीला सोनेरी रंग. शास्त्रज्ञबाई आल्या, सावकाश एक फेरी मारली, पुन्हा एक फेरी मारली.

"काका, हा किल्ला आहे का?"

"हा विषाणूचा राजवाडा आहे."

"पण त्याचा काही राजवाडा नसतो हो. पेशीचंच घर वाकडं झालेलं असतं. आणि इथे सगळीकडे सांधे आहेत, खिळे आहेत. पडद्याला सांधा नसतो, काका. तो मऊ असतो. हलला की हेलकावतो."

मग त्यांनी सूक्ष्मदर्शकातली चित्रं पुढे केली. करड्या रंगाचा नुसता चिखल. ओल आलेली भिंत मी घरीच बघतो, त्यासाठी यंत्र लागत नाही. तसं म्हटलंही. त्या हसल्या नाहीत. ही मात्र चित्रं डोळ्यांजवळ धरून किती वेळ बघत होती. "अहो, या चुण्या बघा ना," म्हणाली. मी पाहिलं. मला चुण्या दिसल्या नाहीत.

व्यवस्थापकांनी तडजोड सुचवली. कमानी काढायच्या, निदान बुडबुडा तरी गोल आणि दुहेरी भिंतीचा करायचा. ठीक आहे. करून दाखवतो.

गुरुवार, २८ ऑगस्ट

आजची नोंद नको होती, पण प्रामाणिकपणा म्हणून लिहितो.

बुडबुडा झाला. भक्कम, गोल, दुहेरी प्लायवूड, कुठे फट म्हणून नाही. मी आत बसून कड घासत होतो. बाहेर फ्यूज शेवटची फळी घेऊन उभा.

मी ओरडलो, "ठोक!"

"भाऊजी, पण तुम्ही..."

"मी सांगतो ते कर!"

त्याने केलं. चांगले लांबलांब खिळे घातले आणि जेवायला गेला.

आतला अंधार समजायला मला जरा वेळ लागला. हातात फक्त घासायचा कागद होता. मोबाईल बाहेर स्टुलावर वाजत होता. मी हाका मारल्या. काम इतकं पक्कं झालं होतं की आवाज बाहेर जात नव्हता. याचा अभिमान वाटावा की नाही, हे ठरवत मी तिथेच मांडी घालून बसलो. थोड्या वेळाने मला त्या विषाणूची दया येऊ लागली.

शेवटी हिचा आवाज आला. "अहो? डबा आणलाय. कुठे आहात?"

फळीला तोंड लावून मी ओरडलो, "आत!"

"कशाच्या?"

पाठोपाठ शास्त्रज्ञबाईंचा आणि व्यवस्थापकांचाही आवाज आला. म्हणजे पुरेसे प्रेक्षक जमले होते.

"काका, तुम्ही भोक ठेवलंच नाहीत?" शास्त्रज्ञबाई.

"बुडबुड्याला भोक कसलं?"

"अहो, नवे आरएनए बाहेर कसे पडणार? दोन्ही पडद्यांतून आरपार एक भोक असतं, त्याला मुकुटासारखं कडं असतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"हे आत्ता सांगताय?" असं मी म्हणालो खरा, पण घरी येऊन ही वही चाळली. ७ ऑगस्टला मुकुटाचा उल्लेख आहे. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

खिळे निघेनात. फ्यूजने करवत आणली आणि मला भोक पाडून बाहेर काढलं. आधी डोकं, मग एक हात. व्यवस्थापकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा हेतू चांगला असावा.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

व्यवस्थापकांनी खोलीत बोलावलं. आज ते हसत नव्हते. म्हणाले, पुढच्या शुक्रवारपर्यंत काही पटण्यासारखं उभं राहिलं नाही, तर काम थांबवायचं आणि दालनात मोठा पडदा लावून चित्रफीत दाखवायची. खुर्च्या टाकायच्या. म्हणजे मुलं अंधारात बसणार आणि झोपणार.

"तुमचा अनुभव मोठा आहे," ते म्हणाले, "पण हे वेगळं आहे." मी म्हणालो, "वेगळं कसं? तिथेही सगळं खोटंच असतं."

घरी आलो. जेवलो नाही. ही म्हणाली, "दोन घास तरी खा." मी म्हणालो, माझी कला संपली, हातोडी विकून टाक. ही म्हणाली, "हातोडी राहू दे, लागेल." मग भिंतीकडे तोंड करून पडलो. भीती वाटत होती, हे इथे लिहायला हरकत नाही. नाट्यगृह बंद झालं तेव्हा दोष कुणाचाच नव्हता. हे काम गेलं तर तो माझा असेल.

रविवार, ३१ ऑगस्ट

दुपारी उठलो तर जेवायच्या टेबलावर माझा नवा बनियन! चार खुर्च्यांच्या पाठींना चार टोकं ताणून बांधलेली, खालून मध्ये दोन चेंडू खुपसलेले, त्यांच्या मानेला दोरा गुंडाळलेला. दुसरा बनियन त्याच्यावर अस्तरासारखा टाचलेला. त्या सगळ्याखाली टेबलावर टॉर्च लावून ठेवलेली. मी भयंकर चिडलो. हिला म्हणालो, "हा काय पोरखेळ? आणि बनियन नवाच मिळाला?"

"जुन्यांना ताण उरला नाहीये," ही म्हणाली. "अहो, जरा त्याला हात लावून बघा ना."

मी लावला. सगळं हेलकावलं. दोन्ही बुडबुडे एका अंगाला झुकले आणि परत आले. खालचा उजेड आरपार यायचा, कापडाच्या चुण्या भिंतीवर पसरायच्या. ही चहा ठेवायला आत गेली.

आणि त्या क्षणी, अगदी अचानक, मला सुचलं. कापड! ताणलं जाणारं, सलग, बनियनसारखं होजिअरीचं कापड! सबंध दालनभर ताणायचं, खालून वरून वेताच्या कड्या घालून फुगवायचं, आत दिवे सोडायचे. प्रतिभा अशीच येते, झोपेतून उठल्यावर.

धावत जाऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "किती छान सुचलं हो तुम्हाला," आणि पदराने तोंड पुसलं. तोंडाला काही लागलेलं नव्हतं.

बुधवार, ३ सप्टेंबर

कपडेपटातलं हिचं जुनं मशीन दालनात आणलं. हिच्याबरोबर शिवायला पूर्वीच्या दोघीजणी आल्या आहेत. माझं काम देखरेखीचं. "इथे जरा फुगवा," "तिथे ताण कमी." बहुतेक वेळा मी सांगायच्या आधीच त्यांनी ते केलेलं असतं, यावरून माझी पद्धत त्यांच्या किती अंगवळणी पडली आहे ते कळतं.

चौकट मात्र मीच करतोय. छताला वासे, वाशांना कड्या. कापडाचा ओढा केवढा असतो याची मला कल्पना नव्हती. काल एक वासा वाकला. हिने खालूनच सांगितलं, "आडवा नको, तिरका टाका." तिरका टाकला. धरला.

शास्त्रज्ञबाई आता रोज येतात आणि थेट मशीनपाशी जाऊन बसतात. काही विचारायचं असलं तरी हिलाच विचारतात. माझ्याशी बोलायला भीड वाटत असावी.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

व्यवस्थापक आले. फ्यूजने दिवे लावले. सबंध दालनात पडद्यांची जाळी, तिच्यात फुगत गेलेले बुडबुडे, आत उजेड, आणि दार उघडल्याची नुसती झुळूक आली तरी सगळं हलतंय. व्यवस्थापक बूट काढून आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते मुकुटाच्या भोकातून, रांगत, टाय खांद्यावर.

"चित्रफीत रद्द," म्हणाले.

मी खाली मान घालून नम्रपणे उभा राहिलो. ते हिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "वहिनी, कमाल आहे!" बायकांना मान द्यायची त्यांची रीत मला आवडली.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज ही डबा घेऊन आली नाही. शास्त्रज्ञबाईंनी हिला प्रयोगशाळेत नेलं होतं, ते मोठं यंत्र दाखवायला. संध्याकाळी परतली ती वेगळीच. चप्पल काढायची विसरून घरभर फिरत होती.

"अहो, तिथे खरंच चुण्या आहेत. बाईंनी मला खुर्चीवर बसवलं, चकती फिरवायला दिली. मी फिरवत गेले तसं एकेक दिसत गेलं. त्यांनी विचारलं, 'ताई, तुम्हाला काय दिसतंय?' मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं."

"लिहून घेतलं? काय?"

"काय म्हणजे, मी सांगितलं ते! फार मोठं काही नाही. त्या म्हणाल्या, यातलं निम्मं त्यांना ठाऊकच होतं. पण विचारलं त्यांनी." मग म्हणाली, "एवढ्या वर्षांत मला कुणी काय दिसतंय असं विचारलं नव्हतं."

मी म्हणालो, "मी विचारतो की." ही म्हणाली, "तुम्ही चष्मा हरवल्यावर विचारता."

मी चष्मा काढून पुसत बसलो.

शनिवार, २० सप्टेंबर

उद्घाटन झालं. सविस्तर लिहितो.

प्रमुख पाहुण्या शिक्षण खात्यातल्या कुणी मोठ्या अधिकारी होत्या. देह भरभक्कम, उत्साह त्याहून मोठा. मुलं आधी आत सोडली होती. ती पाकिटासारख्या दारातून शिरत होती, पडद्यांमधून हिंडत होती, बुडबुड्यात जाऊन हातात हात घालून जोडधागा होत होती आणि मुकुटातून एकेक करून बाहेर पडत होती. पहारेकऱ्याच्या जागी उभा राहून फ्यूज बोंब ठोकत होता. ते काम त्याला आयतंच जमलं. मुलं बाहेर पडली की पुन्हा रांगेत पळत होती.

पाहुण्या म्हणाल्या, "मीसुद्धा जाणार." व्यवस्थापकांनी शेजारचा रुंद रस्ता दाखवला. त्या म्हणाल्या, "विषाणू जातो तसंच जाणार." गेल्या. आणि मुकुटात अडकल्या. अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर, बाहेर फोटोवाले.

व्यवस्थापक माझ्याकडे बघू लागले. मी हातोडी शोधू लागलो. ही पुढे झाली, गुडघ्यावर बसली, पाहुण्यांच्या कानाशी म्हणाली, "ताई, श्वास सोडा. घाबरू नका, कापड धरून आहे." कमरेची कात्री काढली आणि कड्याजवळची फक्त एक शिवण उसवली. कापडाने अंग सोडलं, पाहुण्या अलगद बाहेर आल्या. मुलांनी जल्लोष केला. हिने तिथेच बसून सुईदोरा ओवला आणि शिवण पुन्हा घातली. रांग थांबलीसुद्धा नाही.

पाहुण्या स्वतःच खो खो हसत होत्या. म्हणाल्या, "हे केलं कुणी?"

मी दोन पावलं पुढे गेलो. भाषण तयार होतं. सुरुवात रंगभूमीच्या सेवेपासून होती.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या, "मी एवढी अडकले तरी हे फाटलं कसं नाही?"

आता ते मला ठाऊक नव्हतं. त्या वाट बघत होत्या. व्यवस्थापक वाट बघत होते. भोक नसलेल्या बुडबुड्यात बसलो होतो तेव्हासुद्धा मला एवढं कोंडल्यासारखं झालं नव्हतं. टेबलावरचा तो बनियन आठवला. व्यवस्थापकांना आमच्या घरून गेलेला तो फोन आठवला. 'जुन्यांना ताण उरला नाहीये.' सगळं एकदम एकापाठोपाठ आठवायला लागलं आणि माझे कान तापले.

मी म्हणालो, "हिला विचारा. हे हिने केलंय."

शास्त्रज्ञबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना भीडबीड काही वाटत नव्हती, हेही तेव्हा कळलं.

ही आधी पदराशी चाळा करत होती. मग बोलायला लागली. कापड आडवं ताणतं आणि उभं धरतं, ते कुठल्या बाजूने बेतायचं. मुकुटाच्या कडेला तीन पदर का घातले. आतली प्रथिनं तिथे काय करतात हे शास्त्रज्ञबाईंनी कसं समजावलं, त्यावरून ते पदर कसे सुचले. पाहुण्या ऐकत होत्या, फोटोवाले ऐकत होते. मीही ऐकत होतो. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिला एवढं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. शेजारी फ्यूज उभा होता. हळूच म्हणाला, "भाऊजी, ठोकू का फळी?" मी त्याला कोपर मारलं.

रविवार, २१ सप्टेंबर

सकाळी व्यवस्थापक घरी आले. वरच्या मजल्यावर अजून एक दालन आहे. तिथे फुप्फुस करायचं आहे, मुलांच्या श्वासाने फुगणारं. मी चहा आणायला उठलो, कारण ते माझ्याशी बोलत नव्हते. स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येत होतं.

हिने बरेच प्रश्न विचारले. कापड कुठून, किती मजूर, आपल्याला हव्या त्या दोघी घेता येतील का. शेवटी म्हणाली, "चौकटीला सुतार लागेल. ओळखीचा एक आहे. हात चांगला आहे, पण ऐकून घेत नाही."

व्यवस्थापक म्हणाले, "मग दुसरा बघू?"

मी कपात साखर घालत होतो. ती घालायची राहिली.

"नको," ही म्हणाली. "आधी त्यालाच विचारते."

ते गेले. ही आत आली, ओट्याला टेकून उभी राहिली. मी कप विसळत होतो. विसळून झालेले पुन्हा विसळत होतो.

"अहो," ही म्हणाली, "फुप्फुसाला चौकट कशी करायची, तुम्हाला काय वाटतं?"

मला बरंच काही वाटत होतं. कमानीसुद्धा वाटत होत्या.

मी नळ बंद केला आणि म्हणालो, "तू सांग."